मगदूम आण्णांच्या अकरा कुंड्या

कुठेही पाणी गळताना दिसलं की मगदूम आण्णा डावं मनगट वर करून घड्याळाकडे बघायचे आणि ओठ हलवत थेंब मोजायचे. मग ते लग्नाच्या पंगतीनंतर हात धुवायला उभे असोत, नाहीतर माझ्या दुकानासमोर रिक्षाची वाट बघत असोत. ते एक मिनिट कुणाशी बोलायचे नाहीत. मिनिट भरलं की म्हणायचे, "चाळीस. दिवसाला एक कळशी गेली की हो." ऐकणारे हसायचे. आण्णा हसायचे नाहीत. खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढायचे आणि नळाच्या आट्यांवर दोरा गुंडाळायला लागायचे. आमच्या तीन मजली इमारतीतल्या प्रत्येक नळाला त्यांचा दोरा होता. घरमालकांनी प्लंबरला बोलवायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं औषधाचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, पुढे मी चालवलं, कारण डिप्लोमा माझ्याकडे होता आणि आमचे हे फौंड्रीत कामाला. दुकान तळमजल्याला, आम्ही पहिल्या मजल्यावर आणि आमच्या डोक्यावर मगदूम आण्णा आणि शांताक्का. त्यांना मूलबाळ नव्हतं. आण्णा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. उसाच्या शेतकऱ्यांना ठिबक सिंचनाचं महत्त्व पटवून देणं हे त्यांचं काम. नव्वदच्या सुमाराला शिरोळ भागात हे काम म्हणजे गावच्या पैलवानाला कमी जेव म्हणून सांगण्यासारखं होतं.

मला आण्णा माहीत होते ते लग्नाच्या आधीपासून. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठच्या काळ्या रानातलं. माझे वडील उसाला पाणी सोडायचे ते बांधावरून वाहीपर्यंत. एकदा आण्णा मोटारसायकल लावून बांधावर आले आणि गुडघाभर चिखलाकडे बघत म्हणाले, "मामा, ऊस लावलाय का मासं पाळल्यात?"

वडील भडकले. "रान माझं, पाणी किष्णामाईचं, तुमचं काय जातंय वो पावणं?"

आण्णांनी वाकून मातीचं ढेकूळ उचललं, जिभेला लावलं आणि वडिलांच्या पुढे धरलं. "चाखून बगा. मीठ वर आलंय. दहा वर्सांत हितं कुसळ उगवायचं न्हाय."

वडिलांनी चाखलं नाही, पण त्या वर्षी एका एकरात ठिबक बसवून घेतलं. महिन्याभराने आण्णा बघायला आले, तर रान परत चिखलाचं. वडील दिवसभर ठिबक चालवायचे आणि संध्याकाळी हळूच पाटाचं पाणीही सोडायचे. पकडल्यावर म्हणाले, "पानं मलूल दिसली. तहान लागली असंल म्हणून वाईच पाजलं."

"तहान उसाला लागली न्हाय मामा," आण्णा म्हणाले, "तुमच्या डोळ्याला लागली."

हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणच होऊन बसलं. कुणी पोट भरल्यावर आणखी एक पोळी मागितली की आई म्हणायची, डोळ्याला लागली काय रं? त्या एकरात आज खरोखरच मीठ फुललेलं आहे, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

लग्न होऊन मी राजारामपुरीत आले आणि काही वर्षांनी आण्णा वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आले. मला बघितल्यावर पहिलं वाक्य, "तू त्या पाणीवाल्या मामांची पोरगी न्हवं?" ख्यालीखुशाली नाही, काही नाही. माणूस तसा रुक्षच. पहाटे आंघोळ एका बादलीत, अंगावर विभूतीचे पट्टे, लिंगपूजा, अर्धा कप चहा आणि मोटारसायकल. सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही. उलट शांताक्का. थोराड बांध्याची, सीमेकडची, बोलता बोलता कानडीत शिरणारी बाई. तिच्या हसण्याने आमच्या मांडणीतली भांडी वाजायची. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी तीही 'मी येतो, मी जातो' म्हणायची. जिन्यावर बसून लसूण सोलता सोलता मला सांगायची, "ह्यास्नी उसाचं दुखणं पानावरनं कळतं बग, सुनंदा. बायकूचं इचारशील तर पंचवीस वर्सांत डोस्कं दुकतंय म्हटलं की झोप म्हणत्यात."

आणि मग तिचंच दुखणं आलं. आधी पोटात, मग पाठीच्या मणक्यात. मिरजेला नेलं, कापाकापी झाली, रेडिएशनचे शेक दिले, आणि तिथल्या डॉक्टरांनी आण्णांना बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. आण्णांनी मुदतीआधी नोकरी सोडली. सकाळी आठ ते रात्री आठ दुसऱ्यांच्या रानात राहिलेला माणूस एकदम घरात आला आणि घरात बसायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. शांताक्काच्या उशाशी बसायचे तेव्हा त्यांचे हात थरथरायचे. पाण्याचं भांडं तिच्या तोंडाला लावताना निम्मं पाणी तिच्या पदरावर सांडायचं.

वेदनेवर मी काय देऊ शकत होते? चिठ्ठीवर लिहिलेल्या गोळ्या. त्या पहिल्या महिन्यात चालल्या, दुसऱ्या महिन्यात निम्म्या चालल्या. मॉर्फिन हे नाव मी अभ्यासाच्या पुस्तकात वाचलं होतं. माझ्या दुकानाच्या कपाटात ते कधी आलं नाही. घाऊक दुकानदाराला विचारलं तर तो फोनवर आवाज बारीक करायचा. परवाने, नोंदी, साहेबांच्या सह्या, कोण त्या भानगडीत पडतो? वरून शांताक्काचं कण्हणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि मी औषधवाली बाई खाली भाकरी थापत बसायचे. मला माझ्या धंद्याची लाज वाटायला लागली ती तेव्हापासून.

एक दिवस दुपारी दुकानात कुणी नसताना आण्णा आले आणि त्यांनी काउंटरवर एक कागदाची पुडी ठेवली. उघडायच्या आधीच वास आला. गांजा. सीमेकडच्या एका मठातल्या गोसाव्याने दिला होता, दुखण्यावर चालतो म्हणून.

"हे दिऊ का तिला?" त्यांनी विचारलं.

माझा स्वभाव तिखट. मी म्हणाले, "आण्णा, डोकं ठिकाणावर आहे का? ही पोलीस केस आहे. माझं लायसन जाईल."

"आणि वर जे चाललंय ती कुणाची केस हाय, सांग की."

मी पुडी त्यांच्याकडे सरकवली आणि पाठ फिरवून बाटल्या लावत बसले. हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. चौथ्या दिवशी आण्णा परत आले. डोळे भरलेले. "अर्धी भाकरी खाल्ली बग. वरनं ताक मागितलं. झोपली हाय." मी त्यांना आक्काच्या त्या पंचवीस वर्षांच्या तक्रारीवरूनच ओळखत होते, हा माणूस रडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पुढे महिन्याभरात गोसावी मठ सोडून निघून गेला. कुठे, कुणाला ठाऊक नाही. पुडीच्या तळाशी थोडं बी राहिलं होतं. आयुष्यभर उसाशिवाय दुसरं काही न लावलेल्या मगदूम आण्णांनी ते भिजत घातलं.

हे मला कळलं ते सलाईनच्या नळ्यांवरून. एके दिवशी त्यांनी सलाईनचे अकरा सेट मागितले. सेट म्हणजे ती पारदर्शक नळी, मध्ये थेंब पडताना दिसतो ती कुपी आणि थेंब कमीजास्त करायची चाकाची कळ. मी विचारलं, "अकरा कशाला? आक्कांना तर सलाईन नाही."

"झाडं अकरा आल्यात," आण्णा म्हणाले.

मला त्यांनी ती खोली एकदाच दाखवली. अडगळीची, बिनखिडकीची खोली. भिंतींना चुना मारलेला, छताला चार ट्यूबलाइटी आणि खाली विटांवर अकरा कुंड्या. माळ्यावर प्लॅस्टिकचं पिंप. त्या पिंपाला संडासाच्या टाकीत असतो तसला तरंगता गोळा बसवलेला, म्हणजे सकाळी महापालिकेचं पाणी आलं की पिंप आपोआप भरायचं आणि भरलं की आपोआप बंद व्हायचं. पिंपातून ठिबकची काळी नळी, तिच्यावर जुन्या वॉशिंग मशिनची विजेवर उघडणारी पाण्याची चावी, आणि त्या चावीला रस्त्यावरच्या दिव्यांना लावतात तसलं वेळेचं घड्याळ. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. घड्याळ चावी उघडणार, पाणी काळ्या नळीत येणार आणि अकरा सलाईनच्या नळ्यांतून अकरा कुंड्यांत थेंब थेंब पडणार. प्रत्येक कुंडीवर खडूने आकडा लिहिला होता, मिनिटाला किती थेंब त्याचा. कडेच्या कुंड्यांना बावीस, मधल्यांना अठरा, कारण मध्ये हवा कमी खेळते.

"माणसानं घातलेलं पाणी मनावर जातं," आण्णा म्हणाले. "राग आला की कमी, माया आली की जास्ती. घड्याळाला माया न्हाय. म्हणून घड्याळ बरं."

मग ते उकिडवे बसले आणि एका कुपीकडे बोट दाखवून म्हणाले, "बग, बग, आता पडंल." थेंब पडला. आण्णा हसले. एवढ्या वर्षांत त्यांचं हसणं मी बघितलं ते त्या खोलीत. निघताना मात्र त्यांनी बजावलं, "परत हितं पाय ठेवायचा न्हाय. कोण इचारलं तर तुला ठाव न्हाय. किल्ली तुझ्याकडं ऱ्हाईल, ती फकस्त आग लागली तर."

या सगळ्या खटाटोपाचं कारण मिरज. दर महिन्याला आक्काला चारपाच दिवस तिथे ठेवायला लागायचं आणि आण्णांना तिच्यापाशी राहायला लागायचं. झाडांना पाणी घालायला कुणाला सांगणार? आईबापांसारखं कुणी असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. घड्याळ मात्र कुणाला काही सांगत नव्हतं. आण्णा पाच दिवसांनी परत यायचे, आक्काला झोपवायचे, मग आधी त्या खोलीत जायचे आणि प्रत्येक कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचे. ओल बरोबर तेवढीच.

वर्ष दीड वर्ष हे चाललं. आण्णा पाला खुडायचे, तुपात घालायचे आणि चमच्याने मापून द्यायचे. वास लपवायला सकाळ संध्याकाळ धूप. दुसऱ्या जिन्यावरच्या काकू मला म्हणायच्या, "मगदूमांच्या घरात किती हो शिवभक्ती! बायको आजारी, तरी धुपाचा खंड नाही." मी मान हलवायचे. भीती तर रोज असायची. दुकानासमोर पोलिसाची मोटारसायकल थांबली की माझ्या हातातली पट्टी खाली पडायची, आणि तो यायचा खोकल्याचं औषध घ्यायला. पण वर शांताक्का म्हणायची, "बरं वाटतंय गं आता," आणि आण्णा खाली येऊन मला सांगायचे, "बरं वाटतंय म्हणाली." त्यांचे हात थरथरायचे थांबले होते. मिशा कातरायला लागले होते. एकदा तर आक्काला पाठीला उशी लावून बसवली आणि कोल्हापूरभरच्या गळक्या नळांचे किस्से सांगत बसले. तिचं ते जुनं हसणं खाली आमच्या भांड्यांपर्यंत आलं.

मग तो उन्हाळा आला. भारनियमन सुरू झालेलं, दिवसातून दोनदा वीज जायची, कधी कधी संध्याकाळभर यायची नाही. आण्णांची चावी विजेवर उघडणारी. वीज गेली की ती बंद आणि घड्याळही थांबलेलं. चार दिवस वेळा चुकल्या आणि पानं मलूल झाली. नेमकं तेव्हाच आक्काला मिरजेला हलवायला लागलं आणि या वेळी डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले. ऐन मे महिना. जायच्या सकाळी आण्णांनी ती विजेची चावी काढून टाकली आणि नळी सरळ पिंपाला जोडली. दिवसरात्र थेंब चालू. आणि जाता जाता प्रत्येक कळ थोडी थोडी जास्ती सोडली. ऊन आहे म्हणून.

हे मला नंतर कळलं. मला आधी दिसला तो आमच्या स्वयंपाकघराच्या छताला आलेला ओलसर डाग. सातवा दिवस होता. आमचे हे म्हणाले, "वर काय गळतंय का बघून ये की, किल्ली आहे ना तुझ्याकडे?" मी म्हणाले, "बाथरूमचं असेल, वाळेल." मला माहीत होतं की बाथरूम त्या बाजूला नाही. पण वर जायचं म्हणजे त्या खोलीत पाय ठेवायचा आणि लायसन माझ्या नावावर. दोन दिवस मी त्या डागाखाली स्वयंपाक केला. हे मी कुणालाही आजवर सांगितलेलं नाही. डागातून पाणी ठिबकायला लागलं आणि ह्यांनी प्लंबरला बोलावतो म्हटलं तेव्हा मात्र मी किल्ली घेऊन पळाले.

कुंड्या पाण्यात उभ्या होत्या. जमिनीवर घोट्याला लागेल एवढं पाणी, वरून अकरा नळ्या चालूच, आणि माळ्यावर पिंप काठोकाठ भरलेलं, कारण रोज सकाळी तो गोळा त्याचं काम चोख करत होता. झाडांनी माना टाकल्या होत्या. पानं पिवळी आणि लोळागोळा. खोलीत कुजल्याचा वास. मी कळा बंद केल्या, बादलीने पाणी उपसलं, कुंड्या उचलून भिंतीला तिरक्या केल्या. प्लंबरला मी जिन्यातूनच परत पाठवलं.

आण्णा दहाव्या दिवशी आले. आक्काला खुर्चीत बसवून दोन माणसांनी वर आणली. तिच्या तोंडावर आता नुसती हाडं राहिली होती. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं होतं. तिला झोपवून आण्णा खोलीत गेले. मी दारात उभी होते. त्यांनी पहिल्या कुंडीत बोट घातलं, बाहेर काढून वास घेतला, दुसऱ्या कुंडीत घातलं. अकराही बघितल्या. मग ओल्या फरशीवर खाली बसले.

"तहान माझ्या डोळ्याला लागलती, सुनंदा," ते म्हणाले.

मी म्हणाले, "आण्णा, भारनियमनामुळं झालं ते."

"वीज गेली म्हणून झाडं सुकत्यात. कुजत न्हाईत. पाणी मी सोडलं. तुझ्या बाऽला शानपणा शिकवायला गेलतो मी." त्यांच्या हातांना परत कंप सुटला होता आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

शांताक्का त्यानंतर सहा आठवडे जगली. ते सहा आठवडे मला आठवायचे नाहीत, पण आठवतात. आण्णा सीमेकडच्या गावागावांतून फिरले, मठ बघितले, जत्रेत विचारलं, एके ठिकाणी मार खाता खाता वाचले. रिकाम्या हातांनी परत यायचे आणि आक्काच्या पायाशी बसायचे. ती कण्हली की आण्णा डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी गोळ्या घेऊन वर गेले तर ते भिंतीला कपाळ टेकून पुटपुटत होते, "मी मारली, मी मारली." मला वाटलं झाडांबद्दल बोलतायत. मग लक्षात आलं की ते झाडांबद्दल बोलत नव्हते.

जायच्या आठ दिवस आधी आक्काने मला जवळ बोलावलं. आण्णा दूध आणायला गेले होते.

"सुनंदा, तुला येक सांगतो. दार लाव."

मी दार लावलं.

"त्या पाल्यानं मला काय हुत न्हवतं."

मला वाटलं तिला भ्रम झालाय. तिने माझा हात धरला.

"पयलं म्हैना दीड म्हैना बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? भूक लागायची. मग न्हाय. दुकायचं तसंच दुकायचं. पर मी बरं वाटतंय म्हटलं की हे जेवत हुते गं. माझ्यापाशी बसत हुते. घरी बसल्यापास्नं पयल्यांदा ह्यांचं हात थांबलं. नळ्या जोडत्यात, थेंब मोजत्यात, येऊन मला सांगत्यात, आज सात नंबरला नवीन पान फुटलं म्हणून. पंचवीस वर्सांत माझ्यासंगं येवढं बोलले न्हवते. मी कसं सांगू की उपेग न्हाय?"

"आणि आता?" मी म्हणाले. "आता ते स्वतःला खातायत, आक्का. तुमच्या दुखण्याला आपण कारण झालो म्हणून. सांगा त्यांना."

 श्वास घेतानाही तिला दुखत होतं. "सांगितलं तर ते दीड वरीस पण खोटं व्हतंय, सुनंदा. त्यास्नी तेवढंच हाय. नगं. तूबी सांगू नगंस. माझी आण घे."

मी आण घेतली. तिच्या हातावर हात ठेवून घेतली. तेवढ्यात जिन्यावर आण्णांची पावलं वाजली.

ती गेल्यावर आण्णांनी तेराव्यानंतर सामान बांधलं आणि शिरोळकडे धाकट्या भावाच्या घरी राहायला गेले. कुंड्या त्यांनी स्वतः पोत्यात भरून नेल्या, कुठे टाकल्या मला माहीत नाही. पिंप, नळ्या, घड्याळ, सगळं सोडवून नेलं. अडगळीची खोली परत अडगळीची झाली. पुढचे भाडेकरू धूप लावत नव्हते, आणि काकूंना त्याचं वाईट वाटलं.

मधून मधून माहेरच्या माणसांकडून कळायचं. मगदूम आण्णा बोलत नाहीत. मगदूम आण्णा रानात जात नाहीत. भावाच्या पोरांनी ठिबकचं काही विचारलं की उठून जातात. आईने एकदा फोनवर सांगितलं, बायकोला मीच हाल हाल करून मारली असं देवळात कुणाला तरी म्हणाले. त्या रात्री मला झोप आली नाही. एका बाजूला मेलेल्या बाईची आण आणि दुसऱ्या बाजूला जिवंत माणूस. मी स्वतःशी पुन्हा पुन्हा तोच वाद घालायचे. आक्काचं बरोबर होतं, ती त्यांना ओळखत होती. पण ते सहा आठवडे आण्णा अजून जगतच होते, हे बघायला आक्का कुठे होती?

तीनेक वर्षांनी ते दुकानात आले. दुपारची वेळ. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी होती. मी ओळखलं नाही आधी. अंग गळून गेलेलं, दाढी वाढलेली, कपाळावर विभूती नाही. चिठ्ठी पुढे करताना कागद थरथरत होता. मी गोळ्या काढल्या, पाकिटात घातल्या आणि पाकीट त्यांच्या हातात द्यायच्या ऐवजी काउंटरच्या बाहेर आले.

"आण्णा, बसा. मला बोलायचंय."

ते बाकावर बसले. मी सगळं सांगितलं. पहिला महिना दीड महिना बरं वाटलं, मग नाही. कुंड्या कुजल्या नसत्या तरी आक्का तशाच तळमळल्या असत्या. तुमच्या पाण्याचा त्यात काही दोष नाही. त्यांनी मला आण घातली होती, मी ती मोडून सांगतेय, कारण तुम्ही असे झुरताय ते मला बघवत नाही. बोलताना मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.  मग माझ्याकडे बघितलं ते माझ्या वडिलांना पाटाचं पाणी सोडताना पकडल्यावर त्यांच्याकडे बघितलं असेल तसं, रागाने नाही, थोडं कीव येऊन.

"चांगल्या घरची हाईस, सुनंदा," ते म्हणाले. "पर औषधवाली हाईस. समोरच्याला दुकतंय दिसलं की कपाटातनं काय तरी काढून देणारच तू."

"औषध नाही हो आण्णा, खरं सांगतेय. आक्कांच्या तोंडचं आहे. शपथ घेते मी."

"कुणाची?" त्यांनी विचारलं. "तिची घेतलेली मोडूनच बोलतीस म्हणालीस न्हवं?"

 ते हळूच उठले, पाकीट घेतलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.  मग दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला गेले. दुपारची वेळ, गल्ली सुनी, एकही गाडी येत नव्हती. तरी ते पाकीट छातीशी धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले. मी आतून बघत होते. कुणीतरी हाताला धरून पलीकडे न्यावं असं मला वाटत होतं, पण मी पायरी उतरले नाही. शेवटी ते एकटेच ओलांडून गेले.